आजाऱ्यासाठी सफरचंद

माझा धाकटा भाऊ गेला, त्या वर्षी मी एका संकेतस्थळावर ॲनिमे आणि मांगा यांचे वर्गीकरण करू लागले. तेव्हा माझे वय अठ्ठावन्न होते. त्यापूर्वी एकतीस वर्षे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांना विषय आणि क्रमांक देण्याचे काम केले होते. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका आणि मांगा म्हणजे तिकडच्या चित्रकथा, एवढा फरकही मला नीट ठाऊक नव्हता. शिकण्याचे वय नव्हते आणि उत्साहही नव्हता. दुपारी दोन ते पाच हा वेळ कसा घालवावा हे मात्र कळत नव्हते.

हे संकेतस्थळ शौकीन लोकांनी मिळून चालवलेले आहे. कोणीही यावे, एखाद्या मालिकेचे पान लिहावे, दुसऱ्याने लिहिलेले सुधारावे आणि त्या पानाला योग्य ते वर्ग लावावेत, अशी तेथली रीत. शाळेच्या कथा, खेळाच्या कथा, भुताखेतांच्या कथा, असे हजारो वर्ग तेथे आहेत. भाऊ तेथे कित्येक वर्षे लिहीत होता. शेवटची दोन वर्षे आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला जावे लागे. तेथे चार-चार तास पडून राहावे लागे आणि तेव्हाही फोनवर त्याचे हेच चालू असे.

“तायडे, तुझं काम आणि माझं काम सेम आहे,” तो एकदा मला म्हणाला होता. “तुला त्याचा पगार मिळायचा, मला शिव्या मिळतात.”

“कार्टून बघायचं वय आहे का रे तुझं?” असे मी विचारले होते. त्याच्या म्हणण्यावर मी हसायला हवे होते, हे आता वाटते.

तेराव्यानंतर काही दिवसांनी भावजयीने भांडुपच्या त्यांच्या घरी मला त्याचा लॅपटॉप उघडून दाखवला. “ताई, यातलं मला काय कळत नाही. तुमच्या लाइनीतलं आहे. बघा तरी, काय करत बसायचा तुमचा भाऊ.” नवऱ्याचा उल्लेख ती नेहमी ‘तुमचा भाऊ’ असाच करी, तक्रार करताना तर हमखास.

दुसऱ्याच्या नावाने लिहिणे मला योग्य वाटले नाही. मुलुंडला घरी येऊन मी माझे स्वतंत्र खाते उघडले आणि कामाला बसले. आश्चर्य म्हणजे हात सहज चालू लागला. मन कोठेच नव्हते, पण हात चालत होता. जेवणाची चव लागत नव्हती, वर्तमानपत्राची ओळ दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हती. वर्ग मात्र चुकीचा दिसला की मला तो लगेच कळे. तीन आठवड्यांत मी कित्येक पाने नीट लावली. कोणीतरी इंग्रजीत आभारही मानले.

माझ्याकडून चूक झाली ती या कौशल्यानेच झाली. ग्रंथालयशास्त्रात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात: पुस्तक त्याच्या नेमक्या विषयाखालीच घालावे, हौसेने काढलेल्या, ढिसाळ शीर्षकाखाली घालू नये. एका दुपारी माझ्यासमोर एक वर्ग आला, ‘आजाऱ्याला फळ कापून देणे’. त्यात एकोणीस पाने होती. हा काही विषय नव्हे, असे मला वाटले. प्रसंग इस्पितळातला असेल तर त्यासाठी ‘इस्पितळातील कथा’ हा वर्ग होता. अन्नाविषयी असेल तर त्याचाही होता. मी एकोणीसही पाने तेथून काढली आणि जेथे असायला हवीत तेथे ठेवली. प्रत्येक ठिकाणी कारणही लिहिले. काम संपले तेव्हा चहाची वेळ झाली होती.

दोन दिवसांनी प्रशासकांपैकी एकाचा निरोप आला. निरोप सभ्य होता. मी रिकामा केलेला वर्ग आता वगळण्यासाठी ठेवला आहे, सात दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर तो जाईल. खाली नियमाप्रमाणे वर्ग निर्माण करणाऱ्याचे नाव दिले होते. ते माझ्या भावाचे तेथले टोपणनाव होते.

वर्ग कोणी निर्माण केला हे मी पाहिलेच नव्हते. ग्रंथालयात विषयशीर्षकाला कर्ता नसतो. ते कोणी केले असे कोणी विचारत नाही.

मी लगेच हरकत नोंदवली आणि सगळी पाने परत ठेवण्याची परवानगी मागितली. उत्तर आले की मूळ नोंदींना आधार नव्हता. आता त्या परत घ्यायच्या तर प्रत्येक पानासाठी फळ कापण्याचा प्रसंग कितव्या भागात आहे ते द्यावे लागेल. त्याच सात दिवसांत किमान पाच पाने सिद्ध झाली तर वर्ग राहील. मला हे उत्तर अगदी रास्त वाटले. त्यांच्या जागी मीही हेच लिहिले असते.

दुसऱ्या दिवशी मी भांडुपला गेले आणि भावजयीला सारे सांगितले. ती शाळेच्या कार्यालयात काम करते. नुकतीच घरी आली होती.

“सफरचंद?” ती म्हणाली.

“फळ, असं लिहिलंय. पण बहुतेक ठिकाणी सफरचंदच असतं. ते लोक सालीचे दोन कान ठेवतात, सशासारखी फोड करतात.”

“थांबा, थांबा. डॉक्टरांच्या यादीत केळं नाही, संत्रं नाही, फक्त सफरचंद. ते मी घरून नेऊन तिकडे बेडजवळ कापायची. दोन वर्षं. त्याचं याने तिकडे लिहून ठेवलं?”

“तुझ्याबद्दल काही लिहिलेलं नाही गं. नुसता वर्ग आहे.”

“आणि तो तुम्ही पुसलात.”

“रिकामा केला.”

“एकच ना ते.” ती उठून खिडकीशी गेली आणि वाळत घातलेले कपडे काढू लागली. पाठमोरीच बोलत होती. “ताई, दोन वर्षांत मला एकदा थँक्यू म्हणाला असेल तर शपथ. साल राहिली तर मात्र लगेच, ‘इकडे राहिलंय बघ.’ मला वाटायचं, याचं लक्षच नाही. फोनमध्ये डोकं. आता तुम्ही सांगताय की होतं. आणि तेही सात दिवसांत जाणार.”

“सहा,” मी म्हणाले. असे बोलायला नको होते.

ती कपड्यांची घडी घालत राहिली. मग म्हणाली, “चला, काढा ती यादी. एक त्याच्या कानात, एक माझ्या कानात, अशी वायर लावून मीही बघायचे सगळं. नावं विचारू नका. चित्र दाखवा.”

पुढचे पाच दिवस मी रोज दुपारी भांडुपला जात होते. मी एकेका मालिकेचे पान उघडी आणि ती चित्र पाहून सांगे. “हे नाही, यात नुसती मारामारी. हे बघा, हा म्हातारा तलवारवाला, याला ताप येतो, सून कापते. सून चांगली आहे, म्हातारा बोअर आहे.” तिने सांगितलेल्या जागेच्या जवळपासचे भाग लावून आम्ही शोधत असू आणि प्रसंग बहुधा सापडे. कधी आठवण चुके. एका मालिकेत फळ होते, पण ते देवापुढे ठेवलेले निघाले. “देव काय आजारी असतो का? सोडा,” ती म्हणाली. मला हसू आले, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचले नसावे, कारण तिने विचारले, “ताई, तुम्ही ठीक आहात ना?” मी ठीक होते. मला काहीच होत नव्हते.

पाचव्या दिवशी चार पाने सिद्ध झाली होती. उरलेल्यांपैकी तिला खात्रीने आठवत होती ती एकच, बेकरीत काम करणाऱ्या दोन बहिणींची. बाराच भागांची छोटी मालिका. “शेवटी शेवटी थोरली दवाखान्यात असते, धाकटी बाजूला बसून सफरचंद कापते. साल एकसंध निघते, लांबच लांब. माझ्या डोळ्यांसमोर आहे.”

दहाव्या भागात इस्पितळ सापडले. थोरली पलंगावर होती. धाकटी शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि हातांत काही नव्हते. ती तशीच बसून होती. प्रसंग संपला.

“मागे घ्या,” भावजय म्हणाली.

मी मागे घेतले. आम्ही तो तीन वेळा पाहिला. मग अकरावा आणि बारावा भाग पाहिला, मग पहिल्यापासून सगळे. इस्पितळ दुसरीकडे कोठेही नव्हते. सफरचंद कोठेही नव्हते.

ती म्हणाली, “तेव्हा मीच कापत होते. हे चालू होतं आणि इकडे मी कापत होते. साल माझी निघाली होती लांब. त्याला दाखवली मी.”

“पण हे पान त्याच्या यादीत आहे,” मी म्हणाले. “त्यानेही घातलंय.”

“मग?”

त्याला खरेच तसे आठवले होते की माहीत असूनही त्याने ते पान तेथे ठेवले होते, हे कळण्याचा मार्ग नव्हता. एवढे नक्की होते की ही नोंद खोटी होती.

“टाका ना ताई,” ती हळू म्हणाली. “दहावा भाग लिहा. कोण बघायला जातंय?”

कोणीतरी बघायला जाते, हे मला ठाऊक होते. एकतीस वर्षे ते कोणीतरी मीच होते. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हरवलेल्या पुस्तकासारखेच असते, असे मी नव्या साहाय्यकांना सांगत असे. दुसरे एखादे पान शोधू, असे म्हणावे असे मनात आले, पण एकच दिवस उरला होता आणि तिला दुसरे काही आठवत नव्हते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

मी चार नोंदी केल्या आणि मग पाचवी केली. भाग दहावा. कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘धाकटी बहीण थोरलीसाठी फळ कापते.’ अपराधी वाटेल असे वाटले होते, तसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी प्रशासकाने पाच नोंदी मोजून वर्ग कायम ठेवला. मी भावजयीला फोन केला.

“राहिला?”

“राहिला.”

“बरं,” ती म्हणाली आणि पलीकडे शाळेचा आवाज येत राहिला. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

मी अजूनही दुपारी ते काम करते. या वर्गात आता चौदा पाने आहेत. इतर देशांतल्या लोकांनी आपापली आठवणारी दृश्ये भाग क्रमांकासह घातली आहेत. त्यातली काही मी तपासली, ती बरोबर आहेत. म्हणजे आमच्या पाचव्या नोंदीवाचून वर्गाचे काहीच अडणार नाही. ती काढून टाकायला मला अर्धे मिनिटही लागणार नाही आणि नियमाने मी ती काढायला हवी. मी ती काढलेली नाही.