कोऱ्या जाळ्या

कळंब्याच्या घराची आठवण आली की आधी तिथल्या स्वयंपाकघरातली शांतता आठवते. दुपार कलू लागलेली असायची. मागच्या उसात वारा शिरला की पाती एकमेकींना घासत राहायची, आणि आई फोडणीत कढीलिंब टाकायची तो आवाज पार बाहेरच्या खोलीत पोचायचा. मी कॉलेजातून येऊन सोफ्यावर आडवी झालेली असायचे. गुऱ्हाळं सुरू झाल्यावर तर काकवीचा उबदार वास खिडकीतून यायचा, त्यात कांदा-लसूण चटणीचा वास मिसळायचा, आणि आपण झोपलोय की जागे आहोत हे माझं मलाच कळायचं नाही. मी जन्माचीच सुस्त. आई म्हणायची, ही पोरगी उभ्या उभ्या झोपंल.

त्या शांततेत शेगडीच्या डोक्यावर एक मोठी स्टीलची चिमणी लटकत होती. विजेवर चालणारी, तीन बटणांची, पाच-सहा घरं पलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजाची. ती दिवसभर बंद असायची.

चिमणी वडिलांनी आणली होती. ते शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीवर कामाला होते. लोखंडाचा रस ओतणाऱ्या माणसाला धूर म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्या रुमालाची घडीसुद्धा आतून काळी असायची. आईला चटणीचा ठसका सहन व्हायचा नाही, फोडणी बसली की तिला खोकल्याची उबळ यायची, डोळे पुसत पुसत ती पोळ्या लाटायची. शिवाजी पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्याला इलाज नव्हता. पण दोन हजार सालानंतर कळंब्याला घर बांधलं, तेव्हा फरशीचा रंग ठरायच्या आधी वडिलांनी चिमणीची जागा ठरवली. भिंतीला भोक पाडून पाइप मागच्या उसाच्या अंगाला काढला. चिमणी बसवली त्या दिवशी ते आईला म्हणाले, "धूर खायला मी हाय की. तू नको खाऊस."

आमच्या वडिलांच्या तोंडून आयुष्यात निघालेलं सगळ्यात गोड वाक्य हेच असावं. आई लाजली होती, मला स्पष्ट आठवतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं ती बंद ठेवली.

वडील सकाळी चहा घेऊन निघायचे, दुपारचं कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायचे आणि दिवेलागणीच्या आधी परतायचे. त्यांची स्कूटर लांबच्या वळणावर आली की आईचा हात बटणावर जायचा. वडील आत येईपर्यंत चिमणी घरघरत असायची. ते हातपाय धुऊन टॉवेलनं तोंड पुसत दारात उभे राहायचे, वर बघायचे, समाधानानं मान हलवायचे. ते बाहेर जाऊन बसले की आई म्हणायची, झाला स्वयंपाक, आणि बटण बंद. सुट्टीच्या दिवशी मटण मागच्या अंगणात चुलीवर व्हायचं आणि ते वडील स्वतः करायचे, त्यामुळे तोही दिवस निभायचा.

मी एकदा विचारलं होतं, का नाही लावत? आई म्हणाली, "कांदा भाजल्याला कानाला कळाय नको व्हय?" मला ते पटलं. आईचा निम्मा स्वयंपाक कानावरच चालायचा. मला वाटलं, स्कूटरचा आवाज ती टिपते तो वेळेत बटण दाबायला. चोरी पकडली जाऊ नये म्हणून. मला त्या चोरीची मजा वाटायची, आणि मीही सामील झाले.

चार वर्षं असं निभलं. मग एके दिवशी फौंड्रीत कुणीतरी वडिलांना सांगितलं की चिमणी साफ केली नाही तर आत साठलेलं तेल पेट घेतं. वडील घरी आले ते निर्णय घेऊनच. "उद्या माणूस यायलाय. सगळी खोलून धुणाराय. चार वर्षांचं तेल असंल आत, मी सुट्टी टाकलीय. बघायचंय मला."

आईनं भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. आमच्या घरात भाकरी करपल्याची ती एकच वेळ.

ते झोपल्यावर सांगू, एवढाही धीर तिला निघाला नाही. लगेच मला परसात नेऊन ती म्हणाली, "जाळ्या कोऱ्या हायत गं. दुकानातनं आणल्यासारख्या. काय वाटंल त्यास्नी?" चिमणीला कुणी हात लावायची भीती तिला नव्हती. वडील इतक्या हौसेनं चार वर्षं वर बघत आले होते, त्यांना उद्या परक्या माणसासमोर कळणार होतं की त्यांची भेट कुणी वापरलीच नाही.

नशीब एवढंच की माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नाही. त्याचा निरोप आला, उद्या येतो. वडील चिडून, सुट्टी एक दिवस पुढं ढकलून कामावर गेले आणि आम्हाला एक अख्खा दिवस मिळाला.

जगातल्या बायका सफाईवाला यायच्या आधी घर आवरतात. आम्ही मायलेकींनी त्या दिवशी घाण करायला घेतली. चिमणी तीन नंबरवर लावून आईनं भजी तळली. मग पुऱ्या. मग डब्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या कुरडया. घरभर निळसर धूर तरंगत होता, त्यातून ऊन तिरपं आत येत होतं, आई त्या धुरात अर्धी दिसायची अर्धी नाही, आणि मला ती सगळी दुपार आपण पाण्याखाली असल्यासारखी वाटली. गल्लीतल्या प्रत्येक घरात भजी गेली. जाळी मात्र होती तशीच चकचकीत. धूर आमच्याच डोळ्यांत, वर काही जाईना. चिमणी नुसतीच ओरडत होती, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

शेवटी आईनं चुलीच्या तव्याची काजळी खरवडली, तेलात कालवली आणि जुन्या टूथब्रशनं जाळ्यांना लावायला बसली. तिचा हात असा की मळवतानाही नीटनेटका. जाळीच्या आत काजळी घासायची आणि सवयीनं कडा पदरानं पुसून लख्ख करायची. मी हसून हसून खाली बसले. तीही हसली, मग ब्रश खाली ठेवून म्हणाली, "पाप करायलोय आपण."

सफाईवाला आला तो शिवाजी पेठेतला निघाला. पन्नाशीचा, गळ्यात पिवळा रुमाल, आवाज मैदानात ओरडायला घडवलेला. पेठेतला म्हटल्यावर वडिलांची आणि त्याची दहा मिनिटं फुटबॉलवर गेली. मग त्यानं कामाला हात घातला, आणि खोटं कशाला सांगू, त्याचं काम बघत राहावं असं होतं. आधी मेन स्विच बंद. शेगडी उचलून बाजूला, ओट्यावर जुने पेपर अंथरले, जमिनीवर पोतं. आईला म्हणाला, "वैनी, मागच्या चुलीवर घमेलंभर पाणी कडक तापवा." त्यात त्यानं आपल्या डब्यातली पांढरी पूड टाकली, पाणी फसफसलं. मग दोन्ही हातांनी जाळी खाली उतरवली.

त्यानं ती उजेडात धरली. अंगठ्यानं चोळली, अंगठा नाकाशी नेला. त्याची नजर जाळीच्या लख्ख कडांवरून फिरली, मग सावकाश आईकडं गेली. आई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. वडील मागून मान उंच करून बघत होते.

"लई दिवस झाल्यात बघा," तो म्हणाला, आणि जाळी पाण्यात सोडली.

आईनं मुठीतला पदर सोडला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. जाळीखाली तेल साठायची वाटी असते, ती कोरडीच होती, ती त्यानं वडिलांच्या नजरेला न पडता पुसून ठेवली. वरचं झाकण काढून पंख्याची पाती फडक्यानं पुसली, घासण्यासारखं काही नसतानाही बराच वेळ घासली. जाळ्या धुऊन उन्हात वाळवल्या. सगळं जागच्या जागी बसवलं. आता फक्त शेवटची तपासणी राहिली होती. चिमणी चालू करायची आणि जाळीखाली एक कागद धरायचा, ओढ चांगली असेल तर कागद वर चिकटून बसतो.

त्यानं कागद धरला, सोडला. कागद गिरक्या घेत वडिलांच्या पायाशी पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला.

"पाइप चोंदलाय," तो म्हणाला. "शिडी हाय का?"

वडिलांनी शिडी धरली, तो मागच्या भिंतीवर चढला. आई आणि मी खिडकीत. त्यानं पाइपच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि ओढून काढलं ते वाळलेलं गवत, उसाची पाती, पिसं, माझ्या जुन्या स्वेटरची लाल लोकर.

"आयला, साळुंकीनं संसार मांडलाय की हितं!" त्याचा तो आवाज. "रोजच्या चालत्या पाइपात पाखरू कधी घर..." आणि तिथं त्यानं जीभ चावली. पण फार उशिरा.

वडिलांचं अख्खं आयुष्य भट्टीत वारा कसा खेळतो ते बघण्यात गेलेलं. त्यांनी ते घरटं दोन्ही हातांत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कुंपणाच्या भिंतीवर अलगद ठेवलं. सफाईवाल्यानं उरलेला पाइप साफ केला, कागद जाळीला चिकटवून दाखवला, चहा न घेताच गेला. जाताना आईला हळू म्हणाला, "वैनी, चुकलं माझं." हळू म्हणजे त्याच्या मानानं.

वडील मागच्या पायरीवर बसले होते. आईनं त्यांच्यासाठी चहा नेला. मी दाराआड उभी राहिले, मला तिथून हलवेना.

"कवापासनं?" वडिलांनी विचारलं.

"आणल्यापासनं."

"तुला आवडली न्हवती तर सांगायचं हुतंस."

"आवडली हुती की."

"मग?"

आईनं नजर उसाकडं वळवली. मी मनात म्हणत होते, सांग, कांद्याचं सांग, फोडणीचं सांग. पण ती म्हणाली, "पेठेत असताना तुमच्या पायावर रस उडाला. तवा कंपनीतला माणूस आपल्या दारात येऊन हाका मारून गेला. मी स्टोव्हवर सैपाक करत हुते. त्या स्टोव्हच्या आवाजात मला काय ऐकूच आलं न्हाय. तो परत गेला. तुम्ही दवाखान्यात एकटं, आणि मी हितं आमटी ढवळत बसले." तिनं डोळे पुसले, त्या वेळी चटणी नव्हती. "तवापासनं सैपाकघरात आवाज नको वाटतोय. तुमची स्कूटर वळणावर आली की मला कळाय पायजे. ती ऐकली की मग काय बी लावती मी."

वडिलांच्या पायावरचा तो डाग मी लहानपणापासून बघत आले होते. दवाखान्यात तीन तास कसं कुणी आलं नाही, ही गोष्ट ते पाहुण्यांना हसत सांगायचे, आईला चिडवायचे, आईही हसायची. मी चार वर्षं चोरीची मजा घेत होते. त्या दिवशी दाराआड मला स्वतःची लाज वाटली, आणि मी तोंडावर ओढणी धरून रडले.

चहा निवला होता, तो वडील तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वळणापलीकडच्या पेट्रोल पंपापासूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पंप ते घर, अखंड. गल्लीतले लोक म्हणायचे, काका, वरात हाय काय? पण आईनं काही चिमणी लावली नाही. लावून बघितली दोन दिवस, मग सहा वाजायला आले की तिचा जीव घाबरा व्हायचा आणि ती बंद करायची. वडिलांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. फक्त स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी मोठी करून घेतली.

मग काही वर्षांनी, माझं लग्न होऊन गेल्यावर, दिवाळीच्या आधी मी माहेरी आले होते. त्या दिवशी नेमका तोच सफाईवाला आला. गळ्यातला रुमाल तोच, केस पिकलेले. त्यानं पेपर अंथरले, कडक पाणी मागितलं, जाळी उतरवली, आणि तेलाची वाटी बाहेर काढली. ती काठोकाठ भरलेली होती. घट्ट, काळं, चिकट तेल. जाळीची भोकं बुजलेली. त्यानं अंगठा चोळून नाकाशी नेला आणि मोठ्यानं हसला.

"वैनी, आता रोज लावतासा व्हय?"

"लावती की, दिवसभर," आई म्हणाली. "आता कुणाची वाट बघायची हाय?"

वडील ओट्याशेजारी स्टुलावर बसून लसूण सोलत होते. रिटायर होऊन त्यांना सहा महिने झाले होते.