फरशी ओली आहे

मुलांच्या वॉर्डात बावीस खाटा आहेत. खाटेखालची फरशी नीट पुसायची तर गुडघे टेकावे लागतात, आणि एका फेरीला पाच बादल्या पाणी लागतं. सकाळी एक फेरी, दुपारी एक. मावशीने हे एकतीस वर्षं केलं. मी त्याच इस्पितळात नळ, बिजागऱ्या आणि ट्रॉलीची चाकं दुरुस्त करायचो, त्यामुळे कोण किती वाकतं हे मला नेमकं ठाऊक. उभ्या उभ्या दांडा फिरवून पगार घेणारे मी पुष्कळ पाहिले. मावशी त्यांतली नव्हती.

वॉर्डात तिला सगळेच मावशी म्हणत. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, तरी मीही म्हणायचो.

"मिस्त्री, एवढा टकला भाचा मला नको," ती म्हणायची.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. आधी तो सात नंबरपाशी नळ आहे तो थांबवा. टपटप करून डोकं उठवलंय."

ती नोकरीला लागली ती अर्ज करून नव्हे. तिची लेक चौदा नंबरच्या खाटेवर चार महिने होती, पायात सळई घातलेली. आईने नुसतं बसून किती बसायचं? तिला खाटेखालचा मळ बघवेना. तिने फडकं मागून घेतलं आणि चौदा नंबरखालची फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी तेरा आणि पंधरा. महिन्याभरात बावीस खाटांखालून तिचा हात फिरला होता. तेव्हाच्या मोठ्या सिस्टरांनी ते पाहिलं आणि जागा निघाल्यावर तिलाच ठेवून घेतलं. लेक आता शिवणयंत्रं दुरुस्त करते. किंचित लंगडते, पण आईसारखीच कुणाच्या बापाला भीत नाही.

वॉर्डातला व्हीसीआर नंतरचा. जवळचं कॅसेटचं दुकान बंद झालं तेव्हा दुकानदाराने तो आणि एक टीव्ही इस्पितळाला देऊन टाकला. व्हीसीआरच्या पोटात एक कॅसेट अडकलेली होती. बहुतेक म्हणूनच दिला. मी तीन दिवस जेवणाची सुट्टी घालवून तो उघडला, साफ केला, तेल दिलं. कॅसेट चालू झाली, पण बाहेर येईना. जोर लावला असता तर फीत तुटली असती.

"राहू दे आत," मावशी म्हणाली. "एक सिनेमा पुरे."

तो एकच सिनेमा त्या वॉर्डात एकोणीस वर्षं चाललाय.

त्याचं खरं नाव मला माहीत नाही. नावं येतात तिथेच फीत चुरगळलेली आहे. वॉर्डात त्याला शिडीचा सिनेमा म्हणतात. एका दीपगृहात आजोबा आणि नात राहतात. ढगात राहणारा राक्षस आजोबांचा आवाज चोरून नेतो. नात तो परत आणायला निघते. तिच्याकडे एक लाकडी शिडी आहे. ती एक पायरी चढली की वर एक पायरी फुटते, एकही जास्त नाही. मध्येच एक प्रचंड पक्षी येतो आणि म्हणतो, बस पाठीवर, क्षणात पोचवतो. ती म्हणते, "माझे मला पाय आहेत." इथे सगळा वॉर्ड तिच्याबरोबर ओरडतो. ज्यांचे पाय प्लास्टरमध्ये असतात ते सगळ्यांत मोठ्याने.

मोठी माणसं विचारतात, तोच तोच सिनेमा पोरं बघतात तरी कशी? मला नवल वाटत नाही. त्या सिनेमात एकही पायरी गाळलेली नाही. ती मुलगी दमते, बसते, तळहाताला फडकं बांधते, सैल झालेला खिळा ठोकते आणि पुन्हा चढते. खोटे कष्ट मला लांबून कळतात. हे खरे आहेत. पोरांनाही ते कळतात. खाटेपासून दारापर्यंत जायला त्यांनाही अर्धा तास लागतो.

आता आकड्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्या जुन्या व्हीसीआरला पुढच्या बाजूला तीन आकड्यांची बारीक चाकं आहेत. फीत फिरेल तशी ती फिरतात, आणि वीज गेली तरी आकडा हलत नाही. एकदा एका पोराला सिनेमा अर्धा टाकून ऑपरेशनला न्यायचं होतं. त्याने खाटेचा दांडा धरला तो सोडेना. मावशीने चाकांवरचा आकडा वाचला, चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहिला आणि त्याच्या मनगटावर लावला.

"ही तुझी जागा. राखून ठेवलीय. आलास की इथूनच पुढे."

पोराने दांडा सोडला.

तेव्हापासून ऑपरेशनला जाणारं प्रत्येक पोर मनगटावर आकडा घेऊन जायचं. मध्ये बाकीच्यांनी सिनेमा कितीही वेळा पाहिला तरी फीत पुढेमागे करून मावशी बरोबर त्या जागी आणायची.

चाकं एका रबरी पट्ट्यावर फिरतात. पट्टा सैल झाला की आकडा खोटा येतो. एकदा तसं झालं. एक पोर शुद्धीवर आलं, मावशीने त्याच्या आकड्यावर फीत आणली, तर मुलगी कधीच ढगात पोचलेली. मावशी ओलं फडकं हातात घेऊन थेट माझ्या वर्कशॉपात आली.

"मिस्त्री, पट्टा कधी बदलला होता?"

"चालत होता म्हणून नाही बदलला."

"चालत होता? त्या पोराला मी शब्द दिला होता. माझा शब्द खोटा पडला तर उद्या भूल घ्यायला कोण हात पुढे करेल? तुम्ही कराल?"

मी खाली मान घालून ऐकलं. चूक माझीच होती. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला पट्टा बदलला, मग तो सैल असो वा नसो.

एक पोर परत आलं नाही. त्याच्या मनगटावरची पट्टी मावशीने मागून घेतली आणि झाडू-बादल्यांच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. एकशे अठ्ठ्याऐंशी.

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हा मोठे साहेब बदलून आले. त्यांना इस्पितळ चकचकीत करायचं होतं. कोणा दानशूराने मुलांच्या वॉर्डाला भिंतभर रुंदीचा टीव्ही दिला. सोमवारी उद्घाटन. गुरुवारी हुकूम निघाला, की वॉर्डातलं जुनं सामान शुक्रवारी उचलावं.

नऊ नंबरवर तेव्हा सात वर्षांची एक मुलगी होती. पायाची तीन ऑपरेशनं सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने व्हायची होती, पैकी दुसरं त्याच शुक्रवारी. पहिलं भरती झाल्या झाल्या, सिनेमा बघायच्या आधीच झालं, तेव्हा तिने आख्खं इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं. या वेळी मावशीने तिला मनगटावर चारशे बारा लावून दिलं. चारशे बाराला सिनेमातली मुलगी शिडीवर बसलेली असते आणि तिला कळत नसतं, वर जावं की खाली.

"मी येईपर्यंत कोणी हात लावला तर?" नऊ नंबरने विचारलं.

"हात लावून तर बघू देत," मावशी म्हणाली.

हुकूम तिला तोपर्यंत माहीत होता. मलाही होता. नऊ नंबरला आत नेलं आणि दहा मिनिटांत स्टोअरवाला हातगाडी घेऊन हजर.

सिस्टर मनाने चांगल्या. त्यांनी समजावलं, "अगं मावशी, नव्या टीव्हीवर हजार सिनेमे आहेत. हाच सिनेमा असेल तर तोही निघेल, स्वच्छ, चुरगळलेला नाही."

"त्याच्यावर चारशे बारा कुठे आहे ते दाखवा. मी स्वतः उचलून देते हा."

स्टोअरवाल्याने रजिस्टर उघडलं. सामान जमा करून घ्यायचं तर आधी नोंद सापडायला हवी. त्याने दोनदा पानं चाळली.

"व्हीसीआर यात नाहीच."

"नसणारच," मावशी म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वी भंगारात काढलाय. सही बघा कोणाची आहे."

सही त्याचीच होती. तेव्हा वस्तू न बघताच त्याने अख्ख्या यादीवर सही ठोकली होती. आता भंगारात गेलेली वस्तू त्याने परत आणली असती, तर ती इतकी वर्षं कुठे होती हे त्यालाच लिहून द्यावं लागलं असतं. तो हातगाडी तिथेच टाकून साहेबांकडे गेला.

मावशीने बादली भरली.

दुपारच्या फेरीला अजून वेळ होता. तिने टीव्हीच्या टेबलापासून सुरुवात केली आणि गुडघ्यांवर मागे सरकत दारापर्यंत फरशी ओली केली. वॉर्डाच्या दारावर इस्पितळाचीच पाटी आहे: ओल्या फरशीवर पाय ठेवू नये. मावशी यायच्या आधी एक डॉक्टर घसरून मनगट मोडून बसले, तेव्हा लावलेली. एकतीस वर्षांत मावशीची ओली फरशी ओलांडायची कोणाची छाती झाली नव्हती. मोठमोठे डॉक्टर दाराशी ताटकळायचे.

साहेब आले. मी दारातच हातगाडीचं चाक उघडून बसलो होतो. ते कुरकुरत होतं, खोटं सांगत नाही.

"ते खोकं आत्ताच्या आत्ता उचला."

"फरशी ओली आहे, साहेब," मावशी म्हणाली.

"वाळायला किती वेळ?"

"पंखा चालू असता तर पंधरा मिनिटं. पंखा बंद आहे. मिस्त्रींनी अर्ज दिलाय, तुमच्याच टेबलावर आहे."

"दोन महिने झाले," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

साहेब लाल झाले. पण पाटी त्यांच्या डोक्यावर होती आणि बावीस खाटांवरून सगळी पोरं आणि त्यांच्या आया त्यांच्याकडे बघत होत्या. ते गेले. अर्ध्या तासाने परत आले. तोवर मावशीने दुसरी फेरी घातली होती. फरशी वाळायला लागली की ती पुन्हा बादली भरायची. मी मोजलं. सव्वातीन तासांत सोळा बादल्या. बादली नळापासून उचलून आणायची, पिळायचं, गुडघे टेकायचे, मागे सरकायचं. तिचं वय तेव्हा त्रेपन्न. मी एकदा म्हणालो, "द्या इकडे, एक बादली मी आणतो."

"तुम्ही चाक खोला. बसवू मात्र नका."

तिसऱ्यांदा साहेब आले तेव्हा नऊ नंबरची ट्रॉलीही आली. मावशीने खांद्यावरचं कोरडं फडकं काढलं आणि दारापासून नऊ नंबरपर्यंत ट्रॉलीच्या रुंदीचीच एक पट्टी कोरडी केली. ट्रॉली गेली. तिच्यामागून साहेब त्या पट्टीवरून आत आले. मुलीच्या मनगटावरचा आकडा त्यांना दिसला.

"हे काय? कसली नोंद ही?"

मुलगी अर्धवट गुंगीत होती. जीभ जड होती.

"मावशी... चारशे बारा... आहे ना?"

"आहे. तसूभर हललेलं नाही. झोप आता."

मुलीने डोळे मिटले. साहेबांनी तिच्या मनगटावरचा आकडा पुन्हा वाचला. त्यांचं मन विरघळलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. ते म्हणाले, "सोमवारी हे खोकं मला इथे दिसता कामा नये."

"नाही दिसणार," मावशी म्हणाली.

शनिवारी मी झाडू-बादल्यांच्या कपाटात एक फळी ठोकली. व्हीसीआर तिथे ठेवला, मागच्या भिंतीला भोक पाडून वायर नव्या टीव्हीपर्यंत नेली. कपाट उघडून झाडू बघणारा साहेब मी नोकरीभर पाहिला नव्हता. जुना टीव्ही तेवढा हातगाडीवर घातला. त्याची नोंद रजिस्टरात होती.

सोमवारी सकाळी उद्घाटन झालं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. पाहुणे गेल्यावर मावशीने कपाट उघडलं, आकडा बघितला आणि कळ दाबली. भिंतभर रुंदीच्या पडद्यावर शिडी आली. चित्र फिकट होतं, कडेला पांढऱ्या रेघा होत्या. नऊ नंबर उशीला टेकून बसली. शिडीवरची मुलगी उठली आणि वर निघाली. पक्षी आला. वॉर्ड ओरडला, "माझे मला पाय आहेत!"

आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा. साहेब दारात आले.

"हे कुठून लागतंय?"

मावशीच्या हातात बादली होतीच. मी उंबऱ्याकडे बघितलं. पाणी तिथपर्यंत आलेलं होतं. साहेबांनी पाटीकडे बघितलं आणि पाय आत टाकला नाही.

पडद्यावर मुलगी ढगाच्या दारापर्यंत पोचली होती. आता आवाज मिळणार, शेवट होणार. नऊ नंबरने हात वर केला.

"मावशी, थांबव."

"का गं? एवढासाच तर राहिलाय."

"राहू दे. माझं अजून एक ऑपरेशन आहे."

मावशीने कळ दाबली. कपाटात वाकून आकडा वाचला, पट्टीवर लिहिला. सातशे तीन. पट्टी मनगटावर लावून तिने अंगठ्याने घट्ट दाबली. मग दाराकडे वळून म्हणाली,

"फरशी ओली आहे, साहेब. वाळायला सहा आठवडे लागतील."