शिंगं रंगवणारा हात

"बैल हालला तं चालते, हात नाही हालला पायजे!" पोळ्याच्या आदल्या दिवशी उंद्रीतले आमचे आबा प्रत्येक दारी हे ऐकवायचे आणि मगच ब्रश रंगात बुडवायचे. अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं तेच रंगवत.

पुढे त्यांना कंपवात जडला. चहा बशीत कमी, धोतरावर जास्त. बोलावणी बंद झाली. मग आबा ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवत. "शिंगं हायेत का बाजारातले मुळे बे हे?" हसू यायचं, पण त्यांना काय खुपतंय ते तुम्हालाही कळलं असतं.

माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या शेजारीच. गेल्या पोळ्याच्या आठवडाभर आधी शुभेच्छांच्या व्हिडिओसाठी मी कॉम्प्युटरवर शिंगं रंगवणारा एक थ्रीडी बाहुला आणि बैलजोडी तयार केली. वेबकॅमसमोर माणूस हात हलवील तसा बाहुला हलवतो. हात कोणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता.

आबांनी कोरडा ब्रश धरला. पडद्यावर बाहुल्याचाही हात लटलटायला लागला. "हे तं माह्यावरच गेलं," ते म्हणाले, पण चेहरा उतरला. कॉम्प्युटरमध्ये थरथर गाळून टाकायची सोय असते. मी ती मुकाट्याने पूर्ण वाढवली. बाहुल्याचा हात स्थिर झाला. शिंगाच्या बुडापासून टोकापर्यंत सरळ तांबडी रेघ गेली.

चहा आला तरी आबा उठेनात. "थांब बे, दुसरं शिंग राह्यलं."

व्हिडिओखाली मी हौसेने लिहिलं, 'हात आबांचा'. झालं! पोळ्याच्या आदल्या दिवशी अमडापूरचा एक शेतकरी बैलजोडी घेऊन आबांच्या दारात हजर.

"व्हिडिओ पाह्यला आबा. हात बरा झाला म्हणते तुमचा!"

आबांनी सरळ पंजा पुढे केला. बोटं थांबत नव्हती.

"तो हात याच्या कॉम्प्युटरचा व्हय. माहा हा असा हाय. जोडी वापस ने."

शेतकऱ्याने आबांच्या मनगटाखाली आपला हात दिला. "तुम्ही रंगवा. मी धरून राह्यतो."

चारही शिंगं झाली. रेघा वेड्यावाकड्या गेल्या. आबांना तेवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास आबा गेले. यंदा पोळ्याला मी मुद्दाम अमडापूरला गेलो. त्या शेतकऱ्याने बैलांना नवा रंग दिला होता. एक शिंग मात्र तसंच ठेवलं होतं, फिकट, वाकड्या रेघेचं.