आईच्या चालण्याची तक्रार

सोसायटीची नोटीस दाराच्या कडीला खोचलेली होती. आपल्या सदनिकेतून वारंवार आघाताचा आवाज येतो, तो न थांबल्यास दर महिन्याला दंड, असं तिच्यात लिहिलं होतं. आघात! मी काय घरात पत्रे ठोकत होते? साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्याला तो शब्द शोभला असता. आमच्या कांदिवलीच्या घरात आवाज करणारी एकच व्यक्ती होती, माझी आई, आणि ती वॉकर धरून हॉलमध्ये चालत होती.

तिला झटका आला तेव्हा डावी बाजू पार लुळी पडली होती. फिजिओथेरपिस्टने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "रोज चालवा. चालणं थांबलं तर पाय आखडेल आणि मग त्या पलंगावरून उठायच्या नाहीत." त्यामुळे रोज सकाळी अकराच्या सुमाराला आमच्याकडे वॉकरचं ठक आणि मागोमाग पाय घासल्याचा आवाज सुरू व्हायचा. तो ऐकू आला की मला स्वयंपाकघरात पोळी नीट लाटता यायची. वॉकरचे रबर मी दोनदा बदलले. सतरंजी अंथरली, तर तिच्यात आईचा पाय अडकला, म्हणून ती गुंडाळून ठेवली.

खालच्या मजल्यावरचा तरुण घरूनच काम करायचा. नोटीस घेऊन मी त्याच्याकडे गेले. कानाला हेडफोन लावूनच त्याने दार उघडलं. "ताई, पर्सनल काही नाही, पण माझे कॉल असतात ना. क्लायंट विचारतो, तोडफोड चाललीय का." मी म्हटलं, "अरे, म्हातारं माणूस चालतंय वरती!" तर म्हणाला, "मग बेडरूममध्ये चालवा ना." आमच्या बेडरूममध्ये पलंग आणि कपाट सोडलं तर वळायलाही जागा नव्हती. मी तणतणत वर आले. आईला मात्र यातलं काही कळू दिलं नाही.

मी लेखी हरकत घेतली, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं. कमिटीने मला पंपरूमशेजारच्या ऑफिसात बोलावलं. घर माझ्या नावावर, मेंटेनन्स कधी चुकला नाही, आणि तिथे मी चोरी करताना सापडल्यासारखी स्टुलावर बसले होते. मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. रविवारी मी आणि खजिनदार खाली त्याच्या घरी बसतो, चेअरमन वर थांबतील. काकूंना नेहमीसारखं चालू दे. ऐकूनच ठरवू." मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, ऐकतील आणि त्यांची त्यांनाच लाज वाटेल.

रविवारी मी आईला चांगली साडी नेसवली तेव्हा तिने विचारलं, "कोण येतत?" आता सांगणं भागच होतं. मी सांगितलं.

"माजो आवाज खाली जाता? आणि तू माका सांगूक नाय?" मग पदर सारखा करत, "खाली कोण आजारी असा?"

तिचं आयुष्य गिरणगावातल्या चाळीत गेलं होतं. तिथे खालच्या खोलीत कोणी आजारी असलं, बाळंतीण असली, की वरच्या बायका खलबत्ता बाहेर काढत नसत. कुणी बजावायला लागत नसे.

"कोणी आजारी नाही गं," मी म्हटलं. "चांगला धडधाकट आहे. तू नेहमीसारखी चाल."

चेअरमन आले, सोफ्यावर बसले, त्यांनी खाली फोन लावला. आई उठली. तिने वॉकर उचलला आणि तो टेकवलाच नाही. त्याचे चारही पाय हवेत धरून, सगळा भार त्या दुबळ्या पायावर घेत ती पुढे सरकू लागली. "आई, टेकव! पडशील!" लहानपणी पाहुण्यांसमोर मला दटावताना पाहायची, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे हात पसरून चालत राहिले.

"येतंय का काही?" चेअरमन फोनमध्ये विचारत होते.

"नाही. एकदम शांत."

खिडकीपाशी पोचून तिने गजाला धरलं तेव्हा तिची हनुवटी थरथरत होती. चेअरमन म्हणाले, "काकू, झकास!" मग खालचे दोघेही वर आले आणि सगळ्यांनी पोहे खाल्ले. नोटीस मागे घेतली गेली. "जिंकलात तुम्ही," सेक्रेटरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वॉकर तिच्यापुढे ठेवला. तिने तो हाताने बाजूला सारला. "बस झाला माजा चालणा."

मी समजावलं. चिडले. तो तरुण घर सोडून गेला, अशी थाप मारली, तर तेवढ्यात तो खाली फोनवर हसताना ऐकू आला. शेवटी मी पायऱ्या उतरून त्याच्याच दारात गेले आणि हात जोडले. तो बिचारा लगेच वर आला. "आजी, चाला ना बिनधास्त. मला काही त्रास नाही." आईने त्याला बसायला सांगितलं, मला चहा टाकायला लावला, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली. म्हणाली, "तुमचा काम बिघडता नये." तो गेल्यावर तिने पायांवर चादर ओढून घेतली.

आता तिचा पाय गुडघ्यात सरळ होत नाही. फिजिओथेरपिस्ट येतो, दाबतो, मान हलवतो. मी त्याच्याकडे बघायचं टाळते.

परवा मला राहवलं नाही. मीच वॉकर घेतला आणि हॉलभर आपटत चालले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, फरशी फुटेल इतक्या जोराने. येऊ दे कोणीतरी. वाजवू दे बेल, भांडू दे माझ्याशी, लावू दे दंड. मला एवढंच तिला दाखवायचं होतं की भांडून घेता येतं, आणि भांडण झाल्यावरही चालता येतं. बेल वाजली नाही. पलंगावरून आईचा आवाज आला.

"हळू गो. खाली माणसा रवतत."