डावा गुडघा

कुस्तीच्या निवड ट्रायलमध्ये मी दोन गुणांनी हरले आणि माझी मैत्रीण निवडली गेली. वीस वर्षांखालच्या मुलींची परदेशातली मोठी स्पर्धा, आणि आमच्या वजनगटात देशाची एकच मुलगी जाणार. वर आमच्या प्रशिक्षक सरांनी मला सांगितलं, आता तू जपानी व्हायचंस. गेल्या वर्षी मैत्रिणीला ज्या जपानी मुलीनं हरवलं होतं, तिचे व्हिडिओ बघून मी तिच्यासारखी खेळायची आणि मैत्रिणीला तयार करायची. वा रे वा, जेवणार ती आणि चूल फुंकायची मी!

बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या आमच्या घरी तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी बस पकडून देवनहळ्ळीच्या सरावाच्या हॉलवर गेले; घरी बसून माशा थोड्याच मारायच्या होत्या? मैत्रीण पुण्याहून इथं आलेली. 'जरा थांब'ऐवजी माझं कानडी 'स्वल्प थांब' ऐकून ती नेहमीसारखी हसली आणि माझा अर्धा राग तिथंच गेला.

ती जपानी मुलगी आधी मान खाली ओढायची. समोरचीचं वजन पुढं आलं की आत शिरून तिच्या डाव्या पायाचा पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची. तो पट मी इतका घोटला की माझा स्वतःचा खेळ विसरले.

निघायला तीन आठवडे असताना मैत्रिणीचा डावा गुडघा दुखायला लागला. सरांना कळलं तर नाव कापतील, म्हणून तिनं मला शपथ घातली. मी शपथ पाळली आणि वर एक शहाणपणा केला. तिला न सांगता डाव्या पायाकडे जायचंच सोडलं. उजवीकडे शिरायची, ती सुटायची, लांबून बघणारे सर खूश व्हायचे. मी मात्र स्वतःला फार मोठ्या मनाची समजत होते.

तिची कुस्ती आम्ही सगळ्यांनी हॉलवर फोनमध्ये पाहिली. उपांत्य फेरीत समोर तीच जपानी मुलगी. मैत्रीण एका गुणानं पुढं होती. मग तिची मान खाली ओढली गेली, आणि पुढचं मला बघायची गरजच नव्हती. डावा पाय. लगेच पुन्हा डावा पाय. ती हरली.

त्यानंतर एकच प्रश्न मला खात राहिला. मी हातचं राखून खेळले ते मायेनं, की ती हरावी असं पोटात कुठंतरी होतं म्हणून? खरं सांगते, अजूनही छातीठोक उत्तर देता येत नाही.

विमानतळावरून ती थेट हॉलवर आली. मी म्हटलं, "मी मुद्दाम डावीकडे येत नव्हते."

"माहीत होतं," ती म्हणाली. "बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसले."

मग आम्ही दोघींनी सरांना सगळं सांगितलं आणि पोटभर बोलणी खाल्ली. गुडघा बरा व्हायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी ती मॅटवर माझ्यासमोर उभी राहिली आणि डावा पाय पुढं टाकला. मी सवयीनं उजवीकडे सरकले.

"जपानी हो," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिला अकरा वेळा पाडलं आणि एकदाही सॉरी म्हटलं नाही.