बांधातला तांबडा

नीरेच्या काठचा आमच्या गावचा पूरबांध तपासायचं काम नेमकं माझ्याच वाट्याला आलं. रडारची चाकांची गाडी बांधावरून सावकाश ओढायची आणि मातीच्या आत काय आहे ते पडद्यावर बघायचं. काळ्या मातीत तिला फारसं दिसत नाही. पण आमचा बांध मुरमाचा, त्यामुळं पुरुषभर खोलीपर्यंतचं स्पष्ट दिसत होतं.

तात्या, म्हणजे माझे वडील, रोज माझ्या मागं मागं. लेकीचं कौतुक, असं मी समजून चालले होते. आमच्या उसाजवळच्या वळणावर मात्र त्यांची घाई सुरू झाली.

"हितं काय न्हाय. पुढं चल."

नेमकी तिथंच पोकळी दिसली. मी पांढऱ्या फक्कीनं खूण केली. बांध फुटला तर पाणी खालच्या वस्तीत शिरणार, आणि वस्तीत पहिलं घर आमचंच.

"उद्या इथं खणायला लागेल," मी म्हणाले.

तात्या त्या खुणेजवळ आले. "तांबडा हाय हितं."

तांबडा आमचा बैल. मी तिसरीत असताना तो सुप्याच्या मावशीकडं गेला, असं आम्हाला सांगितलं होतं. मी मावशीला त्याची खुशाली विचारायचे आणि ती बिचारी काहीबाही सांगायची. खरं तर तो पोट फुगून मेला होता. भर उन्हाळ्यात रान दगडासारखं झालेलं. बांधाची दुरुस्ती चालू होती, तिथली माती भुसभुशीत. तात्यांनी त्याला तिथं पुरलं. पुढं दर वर्षी ती जागा खचायची, आणि ते गुपचूप वर मुरूम टाकायचे.

मला भयंकर राग आला. "तात्या, बांध फुटला असता म्हणजे?"

"कळत हुतं गं. पर उकरायला हात धजंना."

दुसऱ्या दिवशी हाडं निघाली. तात्यांनी ती स्वतः गोळा करून आमच्या रानातल्या लिंबाखाली पुरली. खड्डा थराथरानं भरून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून घेतला. मी गाडी पुन्हा फिरवली. आता पोकळी नव्हती.

यंदा नदी चढली तशी माणसं बांधाकडं धावली. दर पुरात पाणी उतरेपर्यंत त्या वळणावर उभे राहणारे तात्या मात्र ओट्यावर बसून होते.

"जायचं नाही का?" मी विचारलं.

"न्हाय. एवढी वर्सं भिऊन जात हुतो. लोकांस्नी वाटायचं, तात्या लई धीराचा." मग हळूच म्हणाले, "च्या टाक जरा."