वासराच्या आतड्यातली तपकिरी कड

संगमनेरच्या कॉलेजात मी पीएचडी करत होते. विषय होता वासराच्या आतड्यातलं लॅक्टेज. दुधातली साखर पचवणारं हे विकर. वासरू दुधावर असतं तोवर ते भरपूर असतं, चारा खायला लागलं की हळूहळू कमी होतं. ते आतड्यात नेमकं कुठे असतं, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

त्यासाठी अँटीबॉडी मागवली. सशाला माणसाचं हे विकर टोचतात. सशाचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याला नेमकं ओळखून चिकटणारी प्रथिनं तयार करतं. तीच वेगळी काढून विकायला येतात. थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात, करंगळीच्या पेराएवढी कुपी आली. तळाशी जेमतेम काही थेंब. ती कुणाकुणाच्या आतड्यावर चालते, त्यापुढे सोबतच्या कागदावर माणूस आणि उंदीर एवढंच लिहिलेलं. गायीचं नाव नव्हतं.

"मॅडम, वासराला चालेल ही?" मी माझ्या मार्गदर्शक बाईंना विचारलं.

"करून पाहिल्याशिवाय कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

आमचं घर सोनईजवळ. तिकडे जाताना मी नमुना सडू न देणाऱ्या फॉर्मलिनची बाटली पिशवीत ठेवायचे. कुठे वासरू दगावलं तर गुरांचे डॉक्टर मला नमुना काढून देणार होते. पण पहिला नमुना आमच्याच गोठ्यातून मिळेल असं मला वाटलं नव्हतं. घोडेगावच्या बाजारातून आणलेली आमची गाय नुकतीच व्यायली होती. तिचं वासरू दावं सोडवून रस्त्यावर पळालं आणि टेम्पोची धडक बसली. डॉक्टर धावत आले, सलाईन लावलं, पण आईच्या मांडीवर मान ठेवून ते गेलं.

आई त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मला विचारवत नव्हतं, आणि थांबताही येत नव्हतं. मेल्यावर आतडं फार लवकर खराब होतं.

"आई, याच्या आतड्याचा बोटभर तुकडा घेऊ का?"

तिनं मान वर केली. "काय करनार त्याचं?"

"दूध कसं पचतं ते बघायचंय."

तिनं त्याचे कान सारखे केले. मग म्हणाली, "शेवटचं दूध त्यानं सकाळीच पेलं हुतं. घे. पन बाकीचं नीट पुरायचं. मीठ घालून."

डॉक्टरांनी तुकडा काढून दिला. बांधाशेजारी खड्डा आईनं स्वतः बुजवला.

प्रयोगशाळेत मी तो तुकडा मेणात बसवला, त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतले. एका काचेवर अँटीबॉडीचा थेंब टाकला, दुसरीवर नाही; रंगाच्या बाकी पायऱ्या दोन्हींना सारख्याच. सशाची ती प्रथिनं जिथे चिकटतील तिथे शेवटी तपकिरी रंग उमटणार होता. बाकी सगळं निळं.

दुसऱ्या दिवशी पहिली काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे उंचवटे असतात. ती शेकडो निळी बोटं दाटीनं उभी होती, आणि प्रत्येक बोटाच्या अगदी बाहेरच्या काठावर एकच बारीक तपकिरी रेघ. कुठे तुटलेली नाही, कुठे सांडलेली नाही. जिथे दूध येऊन टेकतं, तिथेच. दुसरी काच पाहिली. निव्वळ निळी.

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसूनच राहिल्या. इतकी वर्षं हेच शिकवणारी ती बाई दोन्ही काचा आलटूनपालटून पाहत राहिली.

पुढच्या आठवड्यात घरी जाऊन आईला प्रयोगशाळेत घेऊन आले. एक डोळा मिटून दुसऱ्यानं पाहायला तिला जरा वेळ लागला.

"निळं निळं दिसतंय. आनि काठाला ह्ये काय हाय?"

"तेच. दूध पचवणारं."

"येवढंसं?"

"एवढंसंच."

"आपल्या पोटात बी?"

"असंच. तू मला पाजायचीस तेव्हा माझ्याही पोटात अशीच कड होती."

ती पुन्हा वाकली. सशाची गोष्ट मी तिला येताना बसमध्ये सांगितली होती. डोळा न काढताच ती म्हणाली, "त्या सशाला टोचलं माणसाचं. वासरू तर त्यानं बघितलं बी नसंल."

"नाही."

"तरी वळखलं."

माणसाच्या आणि गायीच्या प्रथिनांत किती साम्य असतं, हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण ते खरं कळलं ते आता, आईच्या तोंडून.

मग तिनं काच हातात मागितली. मी काढून दिली. खिडकीकडे धरल्यावर त्यावर मसुरीच्या दाण्याएवढा फिकट डाग तेवढा दिसत होता.

"लई नाजूक काम हाय ह्ये," ती म्हणाली. कुणाच्या कामाबद्दल बोलली, मी विचारलं नाही. मी काच ठेवायची डबी शोधून आणेपर्यंत ती काचेच्या कडा दोन्ही हातांनी धरून तशीच उभी होती.